हातवहीचं पहिलं पान

छपाईच्या गल्लीत तिला जाळूबाई म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर ‘मॅडम’ म्हणत, कारण मोठं मशीन अडलं की तिच्यावाचून कुणाचं पान हलायचं नाही. पण सगळ्यांच्या फोनमध्ये तिचा नंबर ‘जाळूबाई’ याच नावाने होता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. एका दुकानदाराने एकदा तिच्यासमोरच तिला फोन लावून पाहिला आणि पडद्यावर ते नाव उगवलं. तो ओशाळला. ती नुसती हसली. त्या दिवशी त्याच्या मशीनच्या झाकणाचे स्क्रू तिने असे काही पिळले, की पुढच्या खेपेला ते उघडायलासुद्धा त्याला तिलाच बोलवावं लागलं.

तर अशी ही बाई. वय बेचाळीस, हाडं बारीक, जीभ त्याहून बारीक. काम एकच: फ्लेक्सचे बॅनर छापणारी दहा-दहा फुटी मशीनं दुरुस्त करायची. काय बिघडलंय ते ती कानाने ओळखते. मशीनचा गाडा, म्हणजे तो शाई फवारणारी हेडं घेऊन दांडीवरून इकडून तिकडे पळणारा डबा, नुसता दोन फेऱ्या मारू द्या. ही दाराबाहेर चप्पल काढतानाच सांगते, पट्टा सैल झालाय की बेअरिंग गेलंय.

जिने आयुष्यात एकही हेड जाळलं नाही, तिला जाळूबाई नाव कसं पडलं, ते आधी सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बारा वर्षांपूर्वी ती गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या दुकानात कामाला होती. मालकाला सगळे शेठ म्हणत. एका दुपारी हेडातून दोन रंग उतरेनासे झाले. हेड म्हणजे मशीनचा जीव. नखाएवढ्या जागेत शेकडो भोकं, आणि त्याला जोडलेली कागदासारखी पातळ केबल. त्या केबलीला ओला हात लागला आणि मशीन चालू असलं, की खेळ खलास. हिचे हात शाईने बरबटले होते. म्हणून ती म्हणाली, “शेठ, मशीन चालू आहे. मी हात धुऊन येते, तोवर कुणी हात लावू नका.” आणि मागच्या बेसिनवर गेली.

साबण फिरवून, हात कोरडे करून, बटण बंद करायचं असं मनाशी घोकत ती परत आली तर मशीनमधून जळका वास येत होता आणि शेठ ओरडत होते, “जाळलं! हिने हेड जाळलं! शंभरदा सांगितलं, ओल्या हाताने केबल काढू नकोस!” मशीनभोवती गल्लीतली सात माणसं जमली होती. ओरडा ऐकून धावत आली असतील, असं तिला वाटलं. तिने आपले कोरडे हात दाखवले. हात कोण बघतो? बघायचं होतं ते सगळ्यांनी बघून घेतलं होतं. अर्ध्या तासात ती रस्त्यावर होती.

त्या सात जणांत एकच माणूस तिच्याशी नीट बोलला. गल्लीतला सगळ्यात जुना मेकॅनिक; कुठलीही गोष्ट डाग देऊन जोडायचा म्हणून त्याला सोल्डरमामा म्हणत. मामा तिच्यामागे दारापर्यंत आला, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “होतं गं असं, पोरी. चूक कुणाच्या हातून होत नाही?” तिला तेव्हा रडू आलं होतं. पुढची बारा वर्षं गल्लीत एक माणूस तरी माणसासारखा वागला, एवढ्या आठवणीवर तिने काढली.

दोन वर्षं तिला कुणी उंबऱ्यात उभं केलं नाही. शिवणयंत्रं दुरुस्त केली, मिक्सर दुरुस्त केले. आई शिवणकाम करायची. एकदा माप द्यायला आलेली बाई आईला म्हणाली, “त्या जाळूबाई तुमच्याच का हो?” आईने त्या बाईच्या कुर्त्याची एक बाही अर्धा इंच आखूड शिवून दिली. आईचा राग असा मापात असतो. लेक एखादे वेळी विसरायची, पण आई विसरू द्यायची नाही. जेवताना मध्येच विचारायची, “तो शेठ अजून जिवंत आहे का गं?”

“आहे.”

“बरं आहे. मरून सुटायला नको.”

हळूहळू गल्लीबाहेरची कामं मिळाली, मग गल्लीतली मागच्या दाराने, मग पुढच्या दाराने. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आणि तिने एक नियम केला, त्याला गल्ली हसायची पण मानायची. ती एक जाड वही बाळगायची. हातवही. मशीन कितीही अडलेलं असो, आधी वहीत तीन गोष्टी लिहून सही करायची: शेवटचा हात कुणाचा? काय केलं? तेव्हा मशीन चालू होतं की बंद? हे लिहिल्याखेरीज ती हत्यारांची पेटी उघडत नसे. माणसं कुरकुरायची, पण लिहायची. आणि लिहिताना निम्म्या वेळा बिघाड आपोआप सापडायचा, कारण बहुतेक मशीनं स्वतःहून बिघडत नाहीत, कुणीतरी शहाणपणा केलेला असतो.

वहीचं पहिलं पान मात्र कोरं होतं. वर त्या दुपारची तारीख, खाली तेच तीन प्रश्न, आणि पुढे काही नाही. वही भरली की ती नवी घ्यायची आणि ते पहिलं पान जुन्या वहीतून काढून नव्या वहीला शिवायची. शिवायला सुई-दोरा आई द्यायची.

एका दुपारी अडीचच्या सुमाराला शेठचा फोन आला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

“मशीन बसलंय,” शेठ म्हणाले. “तिघं बघून गेले. तू येशील?”

ती लगेच हो म्हणाली नाही. “विचार करून सांगते,” म्हणाली, फोन ठेवला, आईला सांगितलं. आईच्या हातातली कात्री थांबली.

“केस विंचर,” आई म्हणाली. “आणि ती नवी ओढणी घे. लग्नाला जातेस तशी जा.”

शेठना एवढी घाई का, हे गल्लीत पोचल्यावर कळलं. त्याच संध्याकाळी पाच वाजता छपाईवाल्यांच्या संघटनेत त्यांचा सत्कार होता. ‘पंचवीस वर्षांची विश्वासू सेवा’. व्यासपीठामागे लावायचा बॅनर शेठनी अर्थातच आपल्याच मशीनवर छापायला घेतला होता, सहा फूट रुंद, मधोमध स्वतःचा चेहरा. आणि मशीन बसलं ते नेमकं नाकाखाली. बाहेर आलेल्या फ्लेक्सवर शेठचं कपाळ होतं, चष्मा होता, नाक होतं. पुढे पांढरं.

शेजारच्या दुकानात छापून आणणं दोन मिनिटांचं काम होतं. पण ज्याचा सत्कार उत्तम छपाईबद्दल, त्याचा बॅनर दुसऱ्याने छापलेला? गल्ली वर्षभर पोट धरून हसली असती. शेठना ते परवडणारं नव्हतं.

दुकानात ही गर्दी. शेजारचे दुकानदार, त्यांत त्या दुपारच्या सातांतले सहा, शिवाय हात टेकलेले तिघं मेकॅनिक, त्यांतच सोल्डरमामा. कुणी पट्टा बदलला होता, कुणी सेन्सर. मामाने मुख्य बोर्डच गेलाय असं सांगून हात झटकले होते. मशीन चालू केलं की गाडा दोन हात सरळ जायचा आणि मग एकदम वेडा होऊन दुसऱ्या टोकाला जाऊन आपटायचा. धाडकन.

शेठ सत्काराच्या कपड्यांतच होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात घडी घातलेला रुमाल. तिने कुणाकडे न बघता वही काढून टेबलावर ठेवली.

“आधी हे,” ती म्हणाली.

शेठनी घाईघाईने लिहिलं: कुणीही हात लावला नाही. चालू असताना आपोआप थांबलं. सही केली.

तिने झाकण उचललं, मशीन बंद केलं आणि गाड्याच्या मागून जाणाऱ्या पारदर्शक पट्टीवर मोबाईलचा उजेड धरला. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली असते. तिच्यावर केसाहून बारीक रेघा असतात, आणि गाडा त्या रेघा मोजत मोजत पळतो. त्यावरच त्याला कळतं की आपण कुठे आहोत. रेघांमुळे पट्टी राखाडी दिसते. इथे गाडा जिथून निघतो त्या उजव्या टोकापासून दोन हातांवर, चार बोटांएवढ्या जागेत, ती काचेसारखी लख्ख होती. तिथे आला की गाड्याची मोजदाद संपायची आणि तो सैरावैरा धावायचा.

ती पट्टी धूळ बसली तर साध्या ओल्या फडक्याने हळूच पुसतात. शाई धुवायच्या सॉल्व्हंटने पुसली की धुळीबरोबर रेघाही जातात. हे गल्लीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं, पण ऐन घाईत हाताशी सॉल्व्हंटचाच डबा असतो. चेहऱ्यावर आडवे पट्टे उमटायला लागले असणार, बॅनरवरच्या मिशीचं वाटोळं होईल म्हणून कुणीतरी घाबरून पट्टी पुसली असणार. तिने शेठच्या खिशाकडे पाहिलं. रुमालाच्या घडीला राखाडी डाग होता.

तिला इतका आनंद झाला, की तो लपवायला तिला मशीनच्या मागे वाकावं लागलं. बारा वर्षं झाली, माणूस तस्साच होता. तोच आगाऊ हात, तेच ‘आपोआप’.

ती सरळ झाली आणि पेटीला कडी घातली.

“काय झालं?” शेठ म्हणाले.

“मला जमणार नाही. हात न लावता बिघडलेलं मशीन मला दुरुस्त करता येत नाही. शिकले नाही मी ते.”

“अगं, असं काय करतेस? काय हवं ते माग.”

“एक पान हवंय.”

शेठनी तिच्याकडे पाहिलं, मग नाकापर्यंतच्या स्वतःकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. चार वाजले होते. त्यांनी वही ओढली, आधीचं खोडलं आणि लिहिलं: पट्टी मी पुसली. सॉल्व्हंटने. मशीन चालू होतं.

“छान,” ती म्हणाली. “आता पहिलं पान.”

पहिल्या पानावरची तारीख वाचून शेठच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते हळू आवाजात म्हणाले, “जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार तुला?”

“मला नाही मिळायचं काही. पान भरेल.”

“एवढ्या माणसांत?”

“तेव्हाही माणसं होतीच की.”

कुणीतरी मागे खोकलं. शेठनी पेन उचललं. त्यांनी लिहिलं: केबल निघाली आणि हेड जळलं. ते वाचून तिने वही परत त्यांच्यापुढे सरकवली. “केबलीला पाय नसतात शेठ. कुणी काढली?” आणि मग एकेक शब्द जणू आपल्याच दातातून उपटून काढावा तसं त्यांनी लिहिलं: मशीन चालू असताना हेडची केबल मी काढली. माझे हात ओले होते. हेड माझ्या हातून जळलं. ती तिथे नव्हती. खाली सही, सत्काराच्या आमंत्रणावर होती तशीच झोकदार.

मग तिने काम काढलं. नवी पट्टी मागवायला वेळ नव्हता आणि तिला ती नकोही होती. तिने पट्टीचं स्प्रिंग सोडलं, पट्टी अलगद ओढून काढली, मऊ फडक्याने पुसली आणि डावं टोक उजवीकडे करून परत बसवली. म्हणजे लख्ख झालेली जागा गेली पार डावीकडे, सहा फुटी बॅनरच्या बाहेर, जिथे गाड्याला आज जायचंच नव्हतं. साऱ्या खटाटोपाला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तिने मोबाईलचा उजेड शेठना धरायला लावला. शेठचा हात भरून आला. “जरा वर,” ती म्हणत राहिली. “अजून वर.” तेवढ्या वरची तिला गरज नव्हती.

मशीन चालू केलं. गाडा गेला, आला, गेला, आला. आपटला नाही. तिघं मेकॅनिक एकमेकांकडे बघेनात.

“सात फुटांपर्यंतच छापा,” ती म्हणाली. “त्यापुढे गेलात की आपटेल. नवी पट्टी यायला पंधरा दिवस तरी जातील.” हे पंधरा दिवस सांगताना तिला गोड लागलं.

“बस्स, बस्स. आता बॅनर घे पुढे,” शेठ म्हणाले. एवढ्यात संघटनेचा फोन आला म्हणून ते आतल्या खोलीत गेले.

आता, चाचणीचा छापा काढल्याशिवाय ती मशीन ताब्यात देत नाही, हे गल्लीला माहीत होतं. चाचणीला काय छापायचं हे मेकॅनिक ठरवतो. तिने मोबाईलने वहीच्या पहिल्या पानाचा फोटो काढला, संगणकावर बसलेल्या माणसाला पाठवला आणि म्हणाली, “सहा फूट रुंद.” त्या माणसाने फोटो मोठा करून वाचला. शेठकडे तो नऊ वर्षं होता आणि त्यालाही पुष्कळ काही आठवत असावं. त्याने बटण दाबलं.

फ्लेक्स हळूहळू पुढे सरकू लागला. शेठचं अक्षर, एकेक वीतभर. ‘मशीन चालू असताना’. ‘हेडची केबल मी काढली’. रेघ न् रेघ स्वच्छ, एकही रंग न तुटता. तिला तिच्या कामाचाही अभिमान वाटला. शेठ बाहेर आले तेव्हा छापा ‘ती तिथे नव्हती’पर्यंत आला होता. त्यांनी बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. नाकारणार काय, खाली सही येतच होती.

बारा वर्षं तिने या क्षणाची वाट पाहिली होती. ती वळली आणि जमलेल्यांच्या तोंडांकडे बघू लागली: आता कुणाला धक्का बसलाय, कुणाची मान खाली गेलीय. पण धक्का कुणाला बसलेलाच नव्हता. माणसं संकोचली होती, एवढंच.

सोल्डरमामा घसा साफ करून समजुतीच्या सुरात म्हणाला, “जाऊ दे गं आता. आम्हाला काय, माहीतच होतं.”

“काय माहीत होतं?”

“हेच की, शेठनी काढली म्हणून. आम्ही सगळे इथेच तर उभे होतो. शेठनी केबल ओढली तेव्हा बॅटरी मीच धरली होती की.”

ओरडा ऐकून धावत आलेली माणसं नव्हती ती. आधीपासून तिथे होती. सातही जण. आणि हा म्हातारा, उजेड धरून सगळं पाहिलेला, दारापर्यंत आला होता, डोक्यावर हात ठेवून तिलाच म्हणाला होता, चूक कुणाच्या हातून होत नाही. तिने तो हात बारा वर्षं जपला होता. शेठचा तिने नुसता राग केला होता. या माणसाचे तिने उपकार मानले होते.

“मग बोलला का नाहीत मामा?”

“अगं, तेव्हा त्यांचं काम होतं आमच्याकडे. आणि तू काय, तरुण होतीस. कुठेही निभावून नेलं असतंस. नेलंसच की.”

मग तिने वहीचं दुसरं पान, म्हणजे पहिल्याची कोरी पाठ, उघडलं, ठळक अक्षरांत लिहिलं: ‘मला माहीत होतं. मी बोललो नाही.’ खाली एक ते सात आकडे टाकले आणि पेन टेबलावर ठेवलं.

“करा सही,” ती म्हणाली. “पहिला आकडा मामांचा.”

कुणी पुढे आलं नाही. एक जण हसण्यावारी न्यायला गेला, पण त्याचं हसू अर्ध्यात बसलं. तिने वही मिटली, चाचणीचा छापा गुंडाळून खांद्यावर टाकला.

“घाई नाही,” ती म्हणाली. “तुम्हा सगळ्यांची मशीनं मला माहीत आहेत.”

संध्याकाळी सत्कार झाला. बॅनरही लागला. नवा छापायला वेळ उरला नाही, म्हणून नाकाखालचा भाग वेगळा छापून वरच्याला जोडला. जोड बरोबर मिशीवर आला आणि पंचवीस वर्षांच्या विश्वासू सेवेवर एक आडवी भेग दिसत राहिली. टाळ्या पडल्या म्हणतात. पण बहुतेक लोक शेठच्या भाषणापेक्षा एकमेकांच्या कानात बोलण्यात जास्त गुंतले होते.

छापा तिने घरी नेला. तो भिंतीला मावेना. आईने चष्मा लावून तो जमिनीवर पसरला, गुडघ्यांवर रांगत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचला, आणि सातांची गोष्ट ऐकल्यावर चष्मा काढून ठेवला. “डोक्यावर हात ठेवला होता ना त्याने?” एवढंच तिने विचारलं.

त्यानंतर आठ महिन्यांत गल्लीतली मशीनं एकेक करून बिघडली. तिने काही केलं नाही, मशीनं बिघडतातच. दुकानदार फोन करायचे, ती जायची, वही काढायची आणि दुसरं पान उघडायची. कुणी रागावलं, कुणी चार दिवस दुसऱ्याकडून खटपट केली, एकाने आपल्या बायकोला बोलायला पाठवलं. शेवटी लिहिलं सगळ्यांनी. सहा सह्या झाल्या. फोनमधलं तिचं नावही बदललं, असं ऐकलं. तिने ते तपासून पाहिलं नाही.

पहिला आकडा मात्र रिकामाच. मामाचं स्वतःचं मशीन नाही, तेव्हा बिघडणार काय? तो रस्त्यात दिसला की लांबूनच गल्ली बदलतो.

आई दर रविवारी वही मागून घेते आणि पान उघडून बघते. परवाही पाहिली.

“म्हाताऱ्याचे डोळे कसे आहेत गं आता?”

“अधू झालेत. बारीक काम सोडलंय.”

“आणि हात?”

“थरथरतो.”

आईला काळजी वाटली, अगदी खरी. “मग लवकर बघ बाई. सही येईनाशी झाली म्हणजे?”

तिने वही आईच्या हातातून घेतली, पान नीट सरळ केलं.

“अंगठाही चालेल,” ती म्हणाली. “शाईला काय तोटा आहे आपल्याकडे?”